बाई, तुम्ही आईचं नाव विचारलंत

बाई, सप्रेम नमस्कार.

शनिवारी तुम्ही वर्गातली मुलं घेऊन आमच्या घरी आलात आणि निघताना उलट तुम्हीच आमचे आभार मानलेत. मला त्या वेळी एक शब्द बोलता आला नाही. घसा भरून आला होता. आता लिहितानाही तेच होतंय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. चार लोकांनी वाचावं असं वाटतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गोरेगावात राम मंदिर स्टेशनजवळ रुळांवरून जाणारा, एस. व्ही. रोड आणि हायवे जोडणारा जो उड्डाणपूल आहे, त्याला मृणालताई गोरे यांचं नाव दिलं आहे. नाव दिलं तेव्हा आमच्या घरी गोड केलं होतं. आई आता ऐंशी ओलांडून गेली आहे. लग्न होऊन ती गोरेगावात आली तेव्हा नळाला पाणी नव्हतं आणि ताई नुकत्याच नगरसेविका झाल्या होत्या. १९६१ची ती निवडणूक. त्याआधी तीन वर्षं त्यांचे पती केशव गोरे, सगळ्यांचे बंधू, गेले होते, पदरी लहान मुलगी होती. डॉक्टरकीचं शिक्षण तर त्यांनी चळवळीसाठी आधीच सोडलं होतं. रिकामे हंडे घेऊन बायका महापालिकेवर जायच्या, त्यात माझी आई असायची. पाणी आलं, आणि ताई साऱ्या मुंबईच्या 'पाणीवाली बाई' झाल्या.

पण नाव दिलं की लोकांना ते माहीत होतं असं थोडंच आहे! रिक्षात बसून 'मृणालताई पुलावरून घ्या' असं सगळेच म्हणतात. मोबाइलमधला नकाशाही म्हणतो. त्या कोण होत्या, हे मात्र आमच्याच सोसायटीतल्या मुलांना सांगता येत नाही. एका शिकल्यासवरल्या शेजाऱ्यांनी मला विचारलं होतं, 'कुणा पुढाऱ्याची बायको का?' मी त्यांना सांगितलं खरं, पण ते ऐकत ऐकत लिफ्टमध्ये शिरले.

आणि मोठ्या लोकांचं तर काय सांगू. मागे एका कार्यक्रमात 'ताईंसोबत काम केलेल्या ज्येष्ठ भगिनीं'चा सत्कार होता. आईला घ्यायला गाडी आली. तिने कपाटातली ठेवणीतली इरकल काढली. काय बोलायचं ते दोन दिवस मनाशी जुळवत होती, मला म्हणून दाखवत होती. तिथे पाहुणे उशिरा आले, तोवर या सगळ्या म्हाताऱ्या मांडवाच्या कडेला उन्हात. मग एकेकीच्या हातात शाल-श्रीफळ, फोटो, पुढची. निवेदकाने आईच्या जागी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव वाचलं. तिने दुरुस्त करायला तोंड उघडलं, तोवर माइक पुढे गेला होता. घरी आल्यावर तिने शाल घडी करून ठेवली आणि 'मला आता कुठे नेऊ नका' एवढंच म्हणाली. ती शाल अजून कुणी वापरलेली नाही. मी ते माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

म्हणून तुमचा फोन आला तेव्हा मी तुटकच बोलले. तुम्ही म्हणालात, 'मुलं रोज ज्या पुलाखालून शाळेत येतात, त्या पुलाचं नाव त्यांना कळायला हवं. पुस्तकातून नको, कुणीतरी पाहिलेलं सांगणारं हवं.' मी आईला विचारते म्हटलं. आई म्हणाली, 'मुलं असतील तर येऊ देत.'

तुम्ही आलात, चपला बाहेर काढल्यात आणि मुलांबरोबर खाली सतरंजीवर बसलात. आईला खुर्ची दिलीत. ती बोलायला लागली आणि बाई, ती किती बोलली! पाण्याचं झालं, मग महागाईचं. १९७२च्या दुष्काळानंतर धान्य, तेल, रॉकेल सगळंच कसं मिळेनासं झालं होतं, मग मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते, तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांतल्या बायका महागाई प्रतिकार समितीत एकत्र कशा आल्या. लाटणे मोर्चा. मी तेव्हा शाळेत होते, आई लाटणं पिशवीत घालून निघायची ते मला आठवतं, कारण त्या दिवशी आम्हाला पोळीऐवजी भात असायचा.

तुमच्या वर्गातल्या दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं, 'आजी, लाटण्याने मारलं का कुणाला?' सगळी हसली. आईने मला आतून ती थाळी आणायला लावली. पितळी आहे, काठाला एका बाजूने ओळीने पोचे पडलेत, लाटण्याने बडवून बडवून. त्या मुलीने एकेका पोच्यात बोट ठेवून पाहिलं. मग थाळी सगळ्यांच्या मांडीवरून फिरली, आणि कुणी घाई केली नाही, तुम्हीही नाही. आई एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागली तेव्हा मी मध्ये बोलणार होते. तुम्ही डोळ्यांनीच मला थांबवलंत.

तिने आणीबाणीचंही सांगितलं. ताई भूमिगत कशा झाल्या, मग पकडल्या गेल्या, अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकटं कसं ठेवलं. १९७७ साली त्या खासदार झाल्या, दिल्लीत इंदिरा गांधी हरल्या आणि गल्लीगल्लीत 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा कशी घुमली, ते सांगताना तर तिने ती घोषणा खरंच दिली. खुर्चीत बसून, मूठ वर करून. एवढा मोठा आवाज मी तिच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

पण ज्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे, ते यानंतरचं. मुलं उठायला लागली होती. तुम्ही वही उघडलीत आणि आईला विचारलंत, 'आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा. मुलं लिहून घेतील.' आई गोंधळली. 'माझं कशाला? ताईंचं लिहा.' तर तुम्ही म्हणालात, 'ताईंचं पुलावर आहे. पुलावर एकच नाव मावतं आजी, आमच्या वहीत पुष्कळ मावतात.'

तिने नाव सांगितलं. तुम्ही फळ्यावर सांगतात तसं एकेक अक्षर म्हणून मुलांकडून लिहून घेतलंत. मधलं अक्षर ऱ्हस्व की दीर्घ, हे तिला विचारून घेतलंत. मग माहेरचंही नाव विचारलंत. बाई, माझ्या आईला माहेरचं नाव कुणी कधी विचारलं होतं, मला आठवत नाही. रेशनकार्डावर ती कुणाची तरी बायको, आमच्या शाळेच्या दाखल्यात कुणाची तरी आई, सत्काराच्या यादीत चुकलेलं नाव. शनिवारी सातवीच्या वहीत ती स्वतःच्या नावाने बसली. तुमच्यामागे भिंतीला टेकून उभी राहून मी ते बघत होते.

तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं नव्हतं. शनिवारची अर्ध्या दिवसाची सुट्टी होती, मुलांना रस्ता ओलांडून आणायचं, पालकांच्या परवानग्या, सगळं तुम्ही अंगावर घेतलंत. पुलाला नाव देणाऱ्यांचंही मला कौतुक आहे. ताईंनी आमदारकी केली, विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या, गर्भलिंग तपासणीविरुद्ध लढल्या, आणि १९८८ साली महाराष्ट्रात तसा कायदा झाला, देशातला पहिला. दिंडोशीला नागरी निवारा या गृहप्रकल्पाची हजारो घरं उभी राहिली ती ज्यांच्या धडपडीतून, त्यांत त्या होत्या. एवढ्या बाईचं नाव एका पुलाला म्हणजे काही फार झालं नाही. पण त्या एकट्या कधीच नव्हत्या, हे त्यांनाच सर्वांत आधी पटलं असतं. हंडे घेऊन चालणाऱ्या शेकडो बायका मागे होत्या, म्हणून पाणी आलं. तुम्ही ते सातवीच्या मुलांना भाषण न देता दाखवलंत. अशी माणसं शाळेत आहेत म्हणून मला या गावाची काळजी थोडी कमी वाटते. मोठ्या पदावर कोण बसलं आहे यापेक्षा वर्गात कोण उभं आहे, यावर माझा जास्त भरवसा आहे.

रविवारपासून आईला एकेक नाव आठवतंय. चाळीतल्या, घासलेटच्या रांगेतल्या, मोर्चात शेजारी चालणाऱ्या. जेवताना मध्येच सांगते, मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवते. बऱ्याच जणी आता नाहीत. काहींचं फक्त नाव आठवतं, आडनाव नाही. ती यादी वेगळ्या कागदावर स्वच्छ लिहून तुमच्याकडे शाळेत पाठवते आहे, मुलांकडून वहीत घालून घ्या. पुढच्या तुकडीला आणायचं तुम्ही म्हणाला होतात, तर सकाळी दहाच्या सुमारास आणा, दुपारी ती झोपते. थाळी घासून ठेवली आहे.

आपली,
गोरेगावची एक लेक