एक बेल, डबल बेल

डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

पाडव्याच्या रात्री साडेनऊला गालाला मफलर गुंडाळून तुमच्या दारात उभा राहिलेला कंडक्टर तो मीच. निघताना तोंडात कापूस होता, म्हणून आभार मानायचे राहिले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चकली चावली आणि खालच्या दाढेतून कळ थेट कानात गेली. दाढ किडलीय हे दोन वर्षं ठाऊक होतं. रात्री आडवं होता येईना. पडलं की ठणका दुप्पट, उठून बसलं की जरा सुसह्य. लवंगेचं तेल लावलं, शेजारच्या काकूंच्या सल्ल्याने गाल शेकला, आणि सकाळी गाल पुरीसारखा टम्म.

पाडव्याला एका दवाखान्यात फोन केला. ‘सोमवारी या’ असं उत्तर मिळालं आणि पाठोपाठ मोबाईलवर अँटिबायोटिकचं नाव आलं. तोंडसुद्धा न बघता! दुसरीकडे, चांगली काचेची इमारत, कमरेत इंजेक्शन दिलं आणि दातांचे डॉक्टर सुट्टीवर आहेत म्हणाले. सुट्टी घ्यावी की, दिवाळी सगळ्यांची असते (आम्हा एसटीवाल्यांची सोडून). पण ‘बसा जरा, कुणाला तरी विचारून बघतो’ एवढं म्हणायला काही खर्च येत नव्हता.

तुम्ही पैठणीवरच ॲप्रन चढवलात. दाढेकडे बघायच्या आधी विचारलंत, थुंकी गिळता येते का, श्वासाला त्रास नाही ना, तोंड पूर्ण उघडतं का. मग जिभेखाली बोटाने चाचपून पाहिलंत. यातलं काही असतं तर इथे वेळ न घालवता मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं असतं, हे ऐकून आमच्या मंडळींचा चेहरा उतरला. मग शुगर, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, कशाची ॲलर्जी. कालपासून दुखण्याच्या किती गोळ्या घेतल्या? मी सहा बोटं दाखवली. रिकाम्या पोटी? तेव्हा मात्र तुम्ही रागावलात, आणि बरोबरच होतं ते.

एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसला. आत पू कोंडलाय, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, वाट करून द्यावी लागेल, असं तुम्ही म्हणालात आणि माझे पाय गार पडले. लहानपणी तालुक्याच्या दवाखान्यात ‘काही होत नाही’ म्हणत दोघांनी माझे हात धरले होते आणि तिसऱ्याने दात उपटला होता. त्यानंतर चाळीस वर्षं मी त्या खुर्चीत बसलो नव्हतो.

तुम्ही ‘काही होत नाही’ म्हणाला नाहीत. म्हणालात, पू झालेल्या जागी भूल कधीकधी कमी पडते, दुखलं तर आणखी देईन. आणि मग ते वाक्य: “मास्तर, तुमच्या गाडीत एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. इथेही तेच. डावा हात एकदा उचला, मी थांबणार. दोनदा उचलाल तेव्हाच पुढे.”

पहिल्यांदा हात उचलला तेव्हा खरंच दुखलं होतं. मशीन त्या क्षणी बंद. आणखी भूल दिलीत, थांबलात, मी डबल बेल दिल्यावरच पुढे गेलात. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा, खरं सांगतो, दुखत नव्हतं. खरंच थांबता का, एवढंच बघायचं होतं. थांबलात. वर विचारलंत, “स्टॉप आहे की विनंती थांबा?” तोंडात नळी असताना मी हसलो.

पुढे घाण चव आली, आणि दोन दिवसांचा दाब एकदम उतरला. आतलं साफ करून, औषध घालून वरून तात्पुरतं सिमेंट भरलंत. ठणका गेला म्हणजे दाढ बरी झाली असं समजू नका, रूट कॅनल बाकी आहे, हे दोनदा बजावलंत. दुसऱ्यांदा माझ्याकडे न बघता मंडळींकडे बघून.

सव्वीस वर्षं दोरी माझ्या हातात आहे. म्हातारी माणसं पायरीवर असताना मी कितीदा घाईने डबल बेल दिली असेल, ते त्या रात्री अंथरुणावर आठवत होतं. हो, आडवा झालो होतो! दुसऱ्या दिवशी भाऊबीजेच्या जादा गाडीवर गेलो. माणसं चांगली असतात हो, दिवसाला चारशे तोंडं बघतो म्हणून सांगतो. फक्त हात वर केल्यावर थांबणारी कमी.

गुरुवारी पुढची खेप आहे, ड्यूटी बदलून घेतली आहे. बिल ९५० झालं होतं, मी हजार दिले, तुमच्याकडे सुट्टे नव्हते, म्हणून तुम्ही औषधाच्या चिठ्ठीमागे ‘५० बाकी’ लिहून सही केलीत. आयुष्यभर तिकिटामागे मी हेच लिहीत आलो. चिठ्ठी जपून ठेवली आहे. पैसे मागणार आहे.

आपला,
तुमचा पाडव्याचा पेशंट