मिटवायला आलेल्या पाहुण्यांबद्दल

मुलुंड, रविवार

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

माझा फोन तपासासाठी पोलिसांनी जमा करून घेतलाय. मैत्रिणीच्या फोनवरून बोलते तेव्हा ती समोरच असते, मग अर्धं बोलायचं राहून जातं. शिवाय बाबा, तुम्ही फोनवर "बरं, बघू" म्हणता आणि ठेवून देता. कागदावर लिहिलेलं मात्र चष्मा लावून, समासात पेन्सिलीनं खुणा करत दोनदा वाचता. म्हणून हे पत्र.

आधी त्या पाहुण्यांचं. ज्याच्यावर मी बलात्काराची तक्रार केलीय, त्याचे मामा चिपळूणला आपल्या घरी येऊन गेले हे मला धाकट्याकडून कळलं, तुमच्याकडून नाही. तुम्ही त्यांना ओटीवर बसवलंत, आईनं चहा टाकला. आल्यागेल्याला चहा द्यायचा ही आपल्या घरची रीत आहे, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. "पोराच्या हातून चूक झाली, दोन्ही घरांच्या अब्रूचा प्रश्न आहे, कोर्टकचेरीत मुलीचंच नुकसान," असं ते बोलले. तुम्ही हो म्हणाला नाहीत, पण नाहीही म्हणाला नाहीत. "मुलीशी बोलून सांगतो" म्हणालात. मुंबईत पोचेपर्यंत त्या वाक्याचं "मुलीकडचे तयार आहेत" असं झालं. माझ्या ऑफिसातल्या एकीनं मला विचारलं, "मिटलं म्हणे?"

बाबा, हे मिटत नाही. म्हणजे माझ्या हट्टामुळे नव्हे, कायद्यातच तशी सोय नाही. तक्रार मी दिली असली तरी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. बांधाच्या भांडणासारखा हा गुन्हा दोघांनी बसून तडजोडीनं संपवायच्या यादीत नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की बलात्काराच्या प्रकरणात तडजोडीचा किंवा लग्न लावून देण्याचा विचारसुद्धा करता येणार नाही. मामांनी लग्नाचं अजून काढलेलं नाही. पण काढतील, आणि तेव्हा आईला क्षणभर बरं वाटेल, याची मला भीती वाटते. आई, रागावू नकोस. तुझ्या डोक्यात माझ्या लग्नाची काळजी किती वर्षांपासून आहे ते मी बघतेय.

तुम्ही "नेमकं काय झालं" असं विचारलंत, त्याचं उत्तर मी या पत्रातही देणार नाही. ते मी पोलिसांना सांगितलंय, डॉक्टरांना सांगितलंय, दंडाधिकाऱ्यांना सांगितलंय आणि अजून भर कोर्टात, उलटतपासणीत सांगायचंय. तिथे सांगणं भाग आहे. तुमच्यासमोर मला ते पुन्हा जगायचं नाही. तुम्ही एवढंच धरून चाला की तो माझा वरिष्ठ होता, मी नको म्हटलं होतं, आणि तरी त्यानं केलं.

आता आईचा प्रश्न. "ओरडली का नाहीस गं?" आई, तू हे रडत रडत विचारलंस, दोष देत नव्हतीस. तरी त्यानंतर मला दोन रात्री झोप लागली नाही. तुला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातलं प्रकरण आठवतंय का? तूच मला सांगितलं होतंस. १९७२ साली एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. उच्च न्यायालयानं त्यांना शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमती होती, असं म्हणून. मग कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, १९८०च्या महिला दिनाला मोर्चे निघाले. तू तेव्हा कॉलेजात होतीस आणि घरच्यांनी मोर्चाला जाऊ दिलं नाही म्हणून जेवली नव्हतीस. हे ऐकलं तेव्हा मी सातवीत असेन, मला तुझा फार अभिमान वाटला होता. त्या आंदोलनामुळे १९८३ मध्ये कायदा बदलला, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर २०१३ मध्ये पुन्हा बदलला. आता कायद्यातच लिहिलंय की नुसता प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरायचं नाही. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेतही ते तसंच आहे. जो प्रश्न कायद्यानं विचारायचा सोडला, तो तू विचारू नकोस. भीतीनं माणसाचा आवाज निघत नाही, एवढंच माझं उत्तर आहे.

पोलीस ठाण्याचं सगळं वाईटच होतं असं समजू नका. पहिल्या ठिकाणी, रात्री, टेबलावरच्या माणसानं "ही आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवायचा प्रयत्न केला, हे खरं. माझी मैत्रीण तिथल्या तिथे हटून बसली. हद्द कुठलीही असो, गुन्हा शून्य क्रमांकानं नोंदवून घ्यावाच लागतो आणि मग तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो, हे तिला माहीत होतं. नंतर आलेल्या महिला उपनिरीक्षक मात्र चांगल्या निघाल्या. दार लावून घेतलं, टाइप करणाऱ्याला बाहेर पाठवलं आणि स्वतः लिहून घेतलं. मी थांबले की त्याही पेन खाली ठेवून थांबत. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घेतली.

दवाखान्यात मी जास्त घाबरले होते. आपल्याकडच्या बायका त्या तपासणीबद्दल जे काय बोलतात ते डोक्यात होतं. पण ती जुनी अपमानास्पद 'टू फिंगर' चाचणी आता करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये बजावलंय की ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. माझ्या डॉक्टर बाईंनी दर टप्प्याला आधी सांगितलं आणि मग हात लावला. "हे नको असेल तर नाही म्हण, उपचार थांबणार नाहीत," असंही म्हणाल्या. नखांची टोकं कापून कागदात घेतली. कपडे एकेक करून खाकी पाकिटात. प्लास्टिकमध्ये ओल धरते म्हणून कागदच लागतो. प्रत्येक पाकिटावर माझ्यासमोर लाखेचं सील, माझी सही, त्यांची सही. आई, त्यात तू दिवाळीला दिलेला निळा कुर्ताही गेला. तो आता मुद्देमाल आहे, कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. खटला संपेपर्यंत परत मिळायचा नाही, आणि नंतर मला नकोही आहे.

दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाबही झाला. खोलीत पोलीस नव्हते. खटला उभा राहील तेव्हा तोही बंद दाराआडच चालेल, बघे नसतील. माझं चारित्र्य, पूर्वीचे संबंध यावरून संमती ठरवता येत नाही, कायद्यानंच ते बाद केलंय. वकील आडून आडून विचारतील ते विचारतीलच, त्याची तयारी करतेय.

सध्या तपास चालू आहे. अशा गुन्ह्याचा तपास दोन महिन्यांत पुरा करायचा असतो. आणि ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही तर आरोपीला जामीन मागायचा हक्कच मिळतो. म्हणून मी तपास अधिकाऱ्यांकडे मधूनमधून विचारणा करते. बाबा, त्याला तुम्ही "पोलिसांच्या मागे लागू नये" म्हणालात. लागावं लागतं. तपास कुठवर आला ते तक्रारदाराला कळवणं त्यांना कायद्यानं बंधनकारक आहे.

पैशाचं. मुदत ठेव मोडू नका. सरकारी वकील खटला चालवतात. त्यांच्या जोडीला माझी बाजू बघायला, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळाल्यात. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नसते. अत्याचार झालेल्यांना आर्थिक मदत देणारी राज्य सरकारची २०१३ पासूनची मनोधैर्य योजना आहे, तिचा अर्जही जिल्हा प्राधिकरणाकडे दिलाय. "पैशासाठी केलं म्हणतील" ही आईची भीती. म्हणू देत. समुपदेशनाला जायचं, तपासण्या करायच्या, ऑफिसची रजा संपली की पुढे काय बघायचं, हे सगळं पैशाशिवाय होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी येऊन करून दाखवावं. रजा सध्या मिळालीय. ऑफिसच्या तक्रार समितीकडे वेगळा अर्ज आहे, चौकशी चालू असेपर्यंत तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते.

काकू आणि मामींना कुणी सांगितलं ते मी विचारत नाही. पण आता पुढे जाऊ देऊ नका. माझी ओळख कुठे छापणं, जाहीर करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "आमच्या घरातलीच आहे, प्रार्थना करा" असं लिहून नातेवाईकांच्या ग्रुपवर कुणी फोटो टाकला तर त्या प्रार्थनेचं मी काय करू?

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. पुढच्या आठवड्यात सत्र न्यायालयात त्याच्या जामिनावर सुनावणी आहे. पीडितेचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय, त्यामुळे माझ्या वकील बोलणार आहेत. जामीन देताना न्यायाधीश बघतात की आरोपी बाहेर आला तर साक्षीदारांवर दबाव आणेल का. तो अजून आत आहे आणि त्याचे मामा आपल्या ओटीवर बसून गेलेत. याहून वेगळा पुरावा काय द्यायचा?

पण तो मी देऊ शकत नाही, बाबा, मी तिथे नव्हते. तो तुम्हीच द्यायचा. मामा कुठल्या दिवशी आले, किती वाजता, बरोबर कोण होतं, गाडी कुठली, काय शब्द वापरले, पैशाचं काही बोलले का, जसं आठवतं तसं आजच एका कागदावर लिहून ठेवा. तपास अधिकारी तुमचा जबाब घेतील. त्या चिपळूणला येतील किंवा तुम्हाला इकडे बोलावतील. तुम्ही पस्तीस वर्षं शाळेत हजेरीपट भरलात, एक खाडाखोड केली नाहीत. या जबाबात "आठवत नाही" असं एकदाही येऊ नये, कारण तुम्हाला आठवतं. आणि मामा पुन्हा आले तर दारातच सांगा की जे बोलायचं ते पोलिसांशी बोला. चहा नको. आई, तुलाही सांगतेय.

माहीत आहे, त्यांचं आणि आपलं गाव शेजारी. पुढे लग्नाकार्यात समोर येतील. तुम्हाला तिथे राहायचंय, मला नाही, हे तुम्ही बोलून दाखवलं नाहीत तरी मला दिसतं. तुमच्यावर ओझं टाकतेय हे कळून टाकतेय.

जमलं तर दोघंही इकडे या. मांडवी एक्स्प्रेसनं आलात तर ठाण्याला उतरा, मी घ्यायला येईन. आईनं माझ्या खोलीत झोपावं, बाबांसाठी हॉलमध्ये गादी घालू. काही करायचं नाही, समजूत काढायची नाही. मी रात्री उठून बसले तर नुसतं जागं व्हायचं. कुळीथ पीठ संपलंय, तेवढं आणा.

येणं पुढेमागे झालं तरी चालेल. जबाब मात्र सुनावणीच्या आधी व्हायला हवा. द्याल की नाही, तेवढं बुधवारपर्यंत मैत्रिणीच्या फोनवर कळवा, म्हणजे वकिलांना सांगता येईल.

तुमची,
थोरली