बसमधील ताईंचे आणि मदतनीस मावशींचे आभार

गेल्या आठवड्यात शाळेतून परतणाऱ्या माझ्या १५ वर्षांच्या मुलीला भर बसमध्ये दम्याचा झटका आला, तेव्हा मी बालवाडीच्या वर्गात होते आणि लहानग्यांना तसेच सोडून धावत जाणे मला शक्य नव्हते. शेजारी बसलेल्या एका अनोळखी ताईंनी तिला आडवे न करता ताठ बसवले, दप्तरातून इनहेलर शोधून दिला, प्रत्येक फवाऱ्यानंतर थोडे थांबायला सांगितले आणि मग मला फोन लावला. या वयातील मुलांना चारचौघांनी आपल्याकडे टक लावून पाहिलेले अजिबात सोसत नाही. हे ओळखून त्या गर्दीकडे पाठ करून तिच्यासमोर आडोशासारख्या उभ्या राहिल्या, आणि मला तर हे उपचाराइतकेच मोलाचे वाटते. श्वास सुरळीत झाल्यावरही मी पोहोचेपर्यंत त्या तिच्यासोबत थांब्यावर बसून होत्या. नाव मात्र न सांगताच गेल्या.

इकडे मदतनीस मावशींनी माझा चेहरा पाहताच, काहीही न विचारता वर्ग हाती घेतला आणि मुलांना गोष्टीत असे रमवले की एकही रडले नाही.

ताई, मुलगी आता बरी आहे आणि आपली आठवण काढत असते. आपणा दोघींचे मनःपूर्वक आभार.