टपालाच्या टेबलाशी बसलेला दामोदर

चि. समीर,

परवा फोनवर तुझा आवाज अगदी पडलेला होता. आश्रमात जाऊन चार महिने झाले आणि आलेल्या टपालाची उत्तरं लिहायलाच बसवलंय, साधनेचं नावही नाही, असं म्हणालास. तेव्हापासून मला सारखा दामोदर मावळणकर आठवतोय.

अहमदाबादच्या मराठी घरातला मुलगा, जन्म 1857 चा. ऑगस्ट 1879 मध्ये मुंबईत थिऑसॉफिकल सोसायटीत गेला, म्हणजे सगळ्या धर्मांमागचं गूढ ज्ञान शोधणाऱ्या मंडळींत. ऑक्टोबरात ‘थिऑसॉफिस्ट’ मासिक सुरू झालं आणि हा त्या कामात बुडाला. हिमालयातल्या महात्म्यांची म्हणून पत्रं तेव्हा अलाहाबादला सिनेट नावाच्या संपादकांना जायची. त्या इंग्रजी पत्रांतही ‘चेला’ हा आपलाच शब्द आहे. गुरूने मनातून सांगायचं, चेल्याने कागदावर उतरवायचं. एका पत्रात कुणा अमेरिकन व्याख्यात्याची वाक्यं सापडली, तेव्हा खुलासा आला की चेला शिकाऊ होता, त्याला मजकूर नीट उतरवता आला नाही. दामोदरच्या हातूनही अशी पत्रं जात-येत. शिवाय वर्गणीदार, हिशेब, शाखांचं टपाल होतंच. सोसायटीचे अध्यक्ष ऑल्कॉट लिहितात, मुलीसारखा नाजूक, पण टेबलाशी लिहिता लिहिता रात्र काढायचा. दटावून झोपायला पाठवावं लागे. समीर, त्याची साधना मला त्या टेबलाशीच दिसते.

पण मी आई आहे, मला दुसरी बाजूही दिसते. दामोदरचे वडील आधी स्वतः सोसायटीचे सभासद होते. मुलाने जात सोडली आणि बिनसलं. लहानपणी लग्न करून आणलेली बायको सासरीच राहिली. तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

फेब्रुवारी 1885 मध्ये तो मद्रासजवळच्या अड्यारहून, सोसायटीच्या मुख्यालयातून निघाला. कलकत्ता, दार्जिलिंग, पुढे सिक्कीम. एप्रिलनंतर त्याचा ठावठिकाणा लागला नाही. वय 27. त्याच वर्षाच्या अखेरीस असल्या गूढ गोष्टींची तपासणी करणाऱ्या लंडनच्या एका संशोधन संस्थेचा अहवाल आला: पत्रं बनावट, दामोदरही त्यात सामील. शंभर वर्षांनी त्याच संशोधन संस्थेच्या नियतकालिकात त्या अहवालावर कडक टीका झाली. पण स्वतःची बाजू सांगायला दामोदर कुठे होता?

तिळाची चटणी आणि गरम बंडी पाठवलीय. रात्री दहाला दिवा मालवत जा. आणि दिवसाला इतकी पत्रं लिहितोस, त्यातलं एक घरच्या पत्त्यावर टाक. फोन नको, तुझ्या हातचं अक्षर हवंय.

तुझी,
आई