सहा वर्षांची दाढ आणि किड्याचे चित्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत मुलांच्या दातांवर आलेला लेख उपयुक्त होता. मात्र त्यासोबत छापलेल्या चित्रात दाताला भोक पाडणारा काळा किडा दाखवला होता, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. तालुक्याच्या गावी बावीस वर्षे दंतवैद्यक व्यवसाय करताना या किड्याशी माझी रोज गाठ पडते. ‘कीड लागली’, ‘दाढ किडली’ हे शब्द भाषेत पुरते रुळलेले आहेत आणि ते बदला असे मी म्हणणार नाही. पण दात पोखरणारा कुणी प्राणी आत बसलेला असतो आणि तो काढला की दुखणे जाते, ही समजूत त्या शब्दांच्या आश्रयाने अजून टिकून आहे. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडून दाखवणारे आमच्या आठवडी बाजारात आजही दिसतात आणि शिकलेली माणसेही त्यांच्यापुढे ‘बघू तरी’ म्हणून तोंड उघडून बसतात. फ्रान्सचे दंतवैद्य पिअर फोशार यांनी असा किडा आपल्याला दिसला नसल्याचे १७२८ मध्येच लिहून ठेवले होते.

प्रत्यक्षात घडते ते असे. दातांवर जो चिकट थर साचतो त्यात जिवाणू असतात. आपण खाल्लेली साखर ते वापरतात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या कठीण कवचातील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळवते. लाळ त्या आम्लाचा जोर मोडते आणि तीच खनिजे दाताला परत देते. म्हणजे झीज आणि भरपाई दिवसभर चालूच असते, आणि महिनोन्‌महिने झीज वरचढ ठरली की शेवटी पृष्ठभाग खचून खड्डा पडतो. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच आम्ल वाढते आणि लाळेला ते निस्तरायला साधारण अर्धा तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती दिवसातून किती वेळा खाल्ली याला महत्त्व आहे. जेवणासोबत दोन जिलब्या खाणाऱ्यापेक्षा दर तासाला एक गोळी चघळणाऱ्याचे दात लवकर जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वीडनमधील लुंडच्या विपेहोल्म रुग्णालयात झालेल्या प्रयोगांत हेच दिसले होते: जेवणाबरोबर दिलेल्या साखरेने फारसे बिघडले नाही, पण मधल्या वेळी चिकट टॉफी खायला मिळालेल्यांचे दात भराभर किडले. (ते रुग्ण बौद्धिकदृष्ट्या अपंग होते आणि त्यांची संमती कुणी घेतली नव्हती; असा प्रयोग आज कुणी करू धजणार नाही, आणि करूही नये.)

मध्यंतरी एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे आले. रोज दोनदा दात घासणारे, तंबाखूला न शिवणारे, आणि तरीही डाव्या बाजूचे चार दात हिरडीलगत तपकिरी पडून मऊ झालेले. उजवी बाजू जवळपास निर्दोष होती. बऱ्याच प्रश्नोत्तरांनंतर उलगडा झाला. नेहमीच्या गोळ्यांमुळे त्यांच्या तोंडाला कोरड पडायची, म्हणून ते दिवसभर खडीसाखरेचा खडा डाव्या गालात धरून ठेवत. लाळ कमी आणि साखर अखंड, शिवाय हिरड्या सरकल्याने उघडी पडलेली मुळे. मुळांवर कवच नसते, त्यामुळे ती सौम्य आम्लानेही झिजतात. झोपेतही लाळ जवळजवळ आटते. गोड दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपी जाणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात आधी का जातात, ते यावरून कळावे. साखरेऐवजी गूळ किंवा मध दिला म्हणून जिवाणूंचे काही अडत नाही.

माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान मात्र एका गैरसमजातून होते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पडता, एक नवी दाढ येते. काहीच पडलेले नसल्याने ती आल्याचे घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. ही दाढ कायमची असते. तिच्या माथ्यावरच्या खोल खाचांत ब्रशचे केस पोचत नाहीत. सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आलेली आई मला सांगते, ‘दुधाचीच आहे ना डॉक्टर, पडेल की.’ तिला ‘नाही हो, ही आता आयुष्यभराची’ असे सांगणे माझ्या व्यवसायातले सर्वांत नकोसे काम आहे. या खाचा वेळीच लेपाने बुजवता येतात, त्याला इंजेक्शन लागत नाही आणि काही मिनिटेच पुरतात.

फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने कवच आम्लाला अधिक दाद देईनासे होते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. यवतमाळ-चंद्रपूरकडील काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असल्याने दातांवर डाग पडतात. तिथे आधी पाणी तपासून घ्यावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात आणि त्यात दातही पाहिले जातात. पहिली-दुसरीच्या मुलांची सहा वर्षांची दाढ मुद्दाम पाहून, लेपाची गरज असल्यास तशी चिठ्ठी पालकांच्या हाती द्यावी, एवढी माझी आरोग्य विभागाला विनंती आहे. आणि पुरवणीत पुन्हा चित्र छापायचे झाल्यास किड्याऐवजी हिरडीलगतचा खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग दाखवावा. दात कोरडा केल्यावरच तो नीट दिसतो, दुखत मुळीच नाही, आणि त्या टप्प्यावर खड्डा पडलेला नसल्याने दात अजून भरून येऊ शकतो.

आपला,
एक दंतवैद्य, जि. सातारा