सरांची बातमी कळवलीत, ताई, त्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपण एकमेकींना पाहिलेलं नाही. तुमच्या बाबांनाही मी कधी पाहिलं नाही, तरी कित्येक वर्षं माझा दिवस त्यांच्या चालीने सुरू व्हायचा. ते गेल्यावर, घर दुःखात बुडालेलं असताना, तुम्ही त्यांचा फोन उघडलात आणि त्यांच्याबरोबर ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्या आम्हा अनोळखी माणसांना बातमी कळवलीत. त्याचे आभार मानायला हे पत्र. तुमची परवानगी घेऊनच ते सगळ्यांपुढे ठेवते आहे, कारण असे आपापल्या गटात अचानक गप्प झालेले कोणी ना कोणी बऱ्याच जणांना आठवत असतील.

आमचा खेळ संथ असतो. एका चालीला सात दिवस. समोरच्याने चाल केली की आपलं घड्याळ सुरू होतं, आपण केली की त्याचं. सर (आम्ही सगळे त्यांना सरच म्हणायचो, ते खरोखर शिक्षक होते का हे कोणी विचारलंच नाही) एका वेळी बऱ्याच जणांशी डाव मांडून असत. त्यांची चाल यायची थांबली तेव्हा आधी कोणालाच काही वाटलं नाही. मग एकेक करून त्यांची घड्याळं संपायला लागली आणि आमच्या पडद्यांवर एकच ओळ येऊ लागली : वेळ संपल्यामुळे तुम्ही जिंकलात. माझ्या डावात ते एका प्याद्याने पुढे होते. त्या विजयाकडे बघवत नव्हतं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. ते आजारी आहेत, फोन बिघडला, कंटाळले, की आमच्यातल्या कोणाचं बोलणं लागलं? जुने मेसेज उकरून पाहिले. त्यांच्या घरी कोण कोण आहे हेही आम्हाला माहीत नव्हतं, मग विचारायचं कोणाला? आणि एका दुपारी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचं नाव झळकलं. क्षणभर हायसं वाटलं. मग पहिली ओळ वाचली : ‘मी त्यांची मुलगी लिहिते आहे.’

तुम्ही हे किती नेमकं केलंत, ते तुम्हाला कदाचित ठाऊकही नसेल. आपण कोण ते आधी सांगितलंत, मग काय झालं आणि केव्हा झालं ते. आजाराचा तपशील विचारू नका असं स्पष्ट लिहिलंत आणि पुढच्या बोलण्यासाठी स्वतःचा नंबर दिलात, म्हणजे बाबांच्या नावावरून मेसेज येत राहिले नाहीत. नंतर कितीतरी जणांना एकेकट्याने उत्तरं दिलीत. त्या दिवसांत ते बळ कुठून आणलंत?

बातमी कळली आणि आम्हाला रडता आलं. आमच्यातली एक मैत्रीण समुपदेशक आहे. तिने सांगितलं की माणूस आहे की नाही हेच कळत नाही, अशा हरवण्यावर संशोधक पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात काम सुरू केलं, युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांना भेटून. आमच्या काही आठवड्यांची त्यांच्याशी बरोबरी मी करणार नाही, पण वाट बघत राहण्यात दुःखाला सुरुवातच करता येत नाही, हे मला पटलं. दुःखाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये मांडलेली गोष्टही तिनेच सांगितली : ज्या नात्याला लोक नातं मानत नाहीत, त्यातलं दुःख माणसाला गिळून टाकावं लागतं. माझ्या घरी ‘कोण गेलं?’ या प्रश्नाला मी काय उत्तर देणार होते? तुमच्या मेसेजमध्ये ‘बाबांच्या मित्रमंडळींना’ असे दोन शब्द होते. तेवढ्याने मला सांगता आलं, माझे मित्र गेले.

शेवटी तुम्ही विचारलं होतंत, ‘बाबा तुमच्यात कसे होते?’ त्यावर नुसता ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा पाऊस पडला. त्या दिवशी कोणालाच याहून जास्त सुचत नव्हतं. आज मी माझ्यापुरतं उत्तर देते.

माझी आई दवाखान्यात होती तेव्हा आमचा एक डाव अर्ध्यावर होता. मी सरांना तसं कळवलं आणि डाव सोडते म्हणाले. त्यांचं उत्तर आलं, ‘डाव राहू दे. आईकडे बघ.’ त्यानंतर त्यांनी चाल करणं लांबवलं. चाल त्यांची होती, म्हणजे घड्याळही त्यांचंच चालू होतं, माझं नाही. बाकीच्यांशी ते रोज खेळत होते, ते मला दिसत होतं. माझ्या डावात मात्र सातवा दिवस संपता संपता ते चाल करायचे. मी पाचेक मिनिटांत काहीतरी उत्तर द्यायची की पुन्हा त्यांचे सात दिवस सुरू. आई घरी आली त्या रात्री मी त्यांना लिहिलं, आणि लगेच घोड्याची अशी चाल आली की माझा हत्ती गेलाच. नंतर कळलं, इतरांसाठीही त्यांनी हे केलं होतं. कोणाची परीक्षा असली, कोणाच्या घरी बाळ आलं, की सर चाल राखून ठेवत. म्हणूनच त्यांची घड्याळं उतरत गेली तेव्हा आम्हाला काळजी वाटली नाही. कोणासाठी तरी थांबले असतील, असंच वाटलं.

जिंकल्यावर ते हरलेल्याला टिपण पाठवायचे : तुझा डाव कुठपर्यंत चांगला होता, वजीर कुठे अडकला, उंट आधी काढला असतास तर काय झालं असतं. नव्या मुलांना तर पानभर लिहायचे. असे वडील तुम्हाला लाभले, हे आम्हाला माहीत होतं. आम्हालाही ते लाभले होते, हे तुम्हाला माहीत असावं.

नॉर्वेचा मॅट्स स्टीन २०१४ मध्ये गेला, वयाच्या २५ व्या वर्षी. स्नायू निकामी करत नेणाऱ्या आजारामुळे तो घरात बसून वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ खेळायचा. मुलगा एकटाच राहिला, अशी आईवडिलांना खंत होती. त्याच्या पासवर्डने वडिलांनी बातमी कळवली आणि ठिकठिकाणांहून त्याच्या मित्रांची पत्रं येऊ लागली. काही जण अंत्यविधीलाही पोचले. ती बातमी गेलीच नसती, तर दोन्हीकडचे लोक आपापल्या जागी अंधारातच राहिले असते.

तुमच्यामुळे आम्ही एक काम उरकलं. आपल्या माघारी कोणी, कुठे कळवायचं, ते आमच्यातल्या प्रत्येकाने कागदावर लिहून घरात ठेवलं. फेसबुकवर २०१५ पासून आणि ॲपलच्या खात्यांसाठी २०२१ पासून आपल्या माघारी खातं बघणारा माणूस नेमता येतो. गूगलची तशी सोय २०१३ पासूनच आहे. मी माझ्या भाचीला नेमलं. आधी ती रागावली, मग पासवर्डची वही कुठे असते ते विचारून घेतलं.

व्हॉट्सॲप वापरात नसलेलं खातं साधारण १२० दिवसांनी बंद करतं. एके दिवशी ग्रुपवर सरांनी ग्रुप सोडल्याची ओळ दिसेल, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. ती दिसली तेव्हा धक्का बसला नाही. त्याचेही आभार.

आणखी एक. पोस्टकार्डांवर डाव चालायचे तेव्हा एखादा खेळाडू गेला, तर राहिलेला डाव निकालासाठी पंचांकडे देण्याची पद्धत होती. आम्हीही सरांचे सगळे अर्धे डाव मांडून बसलो आणि तसेच निकाल लावले. ॲपने दिलेले विजय कोणीच धरले नाहीत. माझ्या डावात विरुद्ध रंगांचे उंट उरले होते, त्यामुळे प्यादं जास्त असूनही तो बरोबरीत सुटला. बाकीचे बहुतेक डाव सर जिंकले.

त्यांचे डाव आणि टिपणं आम्ही एकत्र केली आहेत. तुमचा मुलगा नुकताच खेळायला लागलाय असं म्हणाला होतात, त्याला सोप्यापासून वाचता यावीत अशी ती लावली आहेत. फाइल मोठी आहे, मेलने जाणार नाही. पेनड्राइव्ह कुठल्या पत्त्यावर पाठवू, तेवढं सवडीने कळवा.

तुमची,
सरांबरोबर खेळणारी एक मैत्रीण