‘पडून राहा’ म्हणू नका

महोदय,
मिरजेत पोटाची शस्त्रक्रिया करून घरी परतलेल्याला भेटायला येणारे शहाळी देतात आणि ‘नुसतं पडून राहा’ असं बजावतात. हा सल्ला घातक आहे. पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, छातीत कफ साठतो. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर थोड्या थोड्या वेळाने घरातल्या घरात चालवा. उठवताना हाताला धरून ओढू नका, टाक्यांवर ताण येतो. आधी कुशीवर वळवा, पाय खाली सोडा, मग कोपराच्या रेट्याने बसू द्या. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायची. जखमेवर हळद नकोच. पू आला, ताप १०१ च्या वर गेला किंवा एकच पोटरी सुजली, तर लगेच दवाखाना गाठा. भेट मात्र दहा मिनिटांत आटपा. थांबायचंच असेल तर रात्री थांबा, घरच्यांना झोप तरी मिळेल.

– एक वाचक, सांगली